काजं

स्टेपनीच्या रात्रवर्गात मी फळ्यावर
आडवी रेघ ओढली. डावे, उजवे.
फॅसिझम कुठे मांडायचा?
कुणी म्हणालं, टोकं मागून एकमेकांना भेटतात.
म्हातारे झेलिग खोकत उठले.

"बाप शिंपी माझा. छत्तीस साली
एक पोरगा काळा सदरा शिवायला आला.
गुंड्या उजवीकडे, काजं डावीकडे,
सगळ्या पुरुषांची असतात तशीच.
छातीचं माप घेताना बापाला कळलं,
उपाशी आहे;
शिलाई कमी घेतली.

रविवारी सदरा आमच्या गल्लीत आला,
त्याच्यासारखे शंभर घेऊन.
बापानं टाका ओळखला.
त्यानं बापाला नाही."

मग खडू मागून घेतला,
शिंपी धरतो तसा, चपटा,
आणि रेघेच्या उजव्या टोकाशी
तिरकी खूण केली:
"इथं. कापायचं इथून."