लूप लाइनला उभी

मॅडमनी विचारलं, भाडं किती भरता?
म्हटलं, अठ्ठावीसशे. नऊ वर्षं झाली.
पहिल्या तारखेला. चुकून दुसऱ्या.
पुरावा?
मी हात पुढे केले,
बोटांत वाळ्याच्या काड्या रुतलेल्या.
त्यांना दिसल्या, पण त्या
पासबुकात कुठे छापलेल्या नव्हत्या.

भुसावळात कूलर दुरुस्त करतो मी.
फेब्रुवारीत लोकांना माझा नंबर आठवतो,
जूनमध्ये विसरतात.
पंप, मोटर, वाळ्याची जाळी, सगळं रोख.
घामट नोटा खिशातून डब्यात,
डब्यातून नारखेडे गार्डसाहेबांच्या हातात.
बँकेत जायला त्यांना वाट वाकडी करावी लागली असती.

पावती कधी मागितली नाही.
पहिल्या महिन्यात मागितली होती खरं तर,
तेव्हा काकू म्हणाल्या, आपल्यात कशाले पावती?
आणि कळण्याच्या भाकरीवर ठेचा ठेवला.
त्या भाकरीची झेरॉक्स कुठून आणू?

मॅडम वाईट नव्हत्या.
नव्या होत्या, एसीतही घाम पुसत.
म्हणाल्या, हप्ता सहा हजार बसेल.
तुम्ही द्याल हे मला कळून काय,
कागदाला कळलं पाहिजे.
मालकाचं पत्र आणा. तारखा आणा.

काकांच्या पोराचा पुण्याहून फोन:
बाबा, सही देऊ नका कशावर,
भाडेकरू असंच घर बळकावतात.
स्पीकर चालू होता. मी अंगणात
त्यांच्याच कूलरचा पंप उघडून बसलेलो.
गाळ काढत राहिलो,
जरा जास्तच वेळ.

रात्री काका आले, काखेत पाच वह्या.
मालगाडीवर एकतीस वर्षं गार्ड होता हा माणूस.
गाडी कुठे थांबली, किती मिनिटं, का,
हे लिहिल्याशिवाय झोप नाही.
रिटायर झाला, गाड्या गेल्या,
मग पोस्टमन लिहू लागला, नळाचं पाणी,
आणि मला.

"१ एप्रिल. १९:१०. तडवी. २८००. वेळेवर."
"३ जुलै. ०८:२५. तडवी. २८००.
दोन दिवस लेट. कारण: मुलीची फी."
"१ डिसेंबर. १८:४०. तडवी. २८००.
पैकी शंभरची एक फाटकी. बदलून दिली."

जैतून मोबाइलची बत्ती धरून उभी,
मी पानं उलटतोय.
मग ते वर्ष आलं.
मे महिन्यात एका गच्चीवरून पडलो, मनगट मोडलं,
ऐन हंगाम प्लास्टरमध्ये गेला.
तिथे लिहिलेलं:
"तडवी. लूप लाइनला उभी. सिग्नल नाही."
जून तेच. जुलै तेच.
पुढे नऊ महिने, भाड्याच्या खाली, बारीक अक्षरात,
नऊशे, नऊशे, नऊशे,
शेवटी बाराशे.

जैतून हळूच म्हणाली, ही वही नको नेऊस.
काकांनी ऐकलं.
पाचही ने, म्हणाले.
मधली वही गहाळ झाली की गार्डची नोकरी जाते.
आम्ही दोघं हसलो नाही.

स्टँपपेपरवर सही केली. सहीखाली वेळ टाकली.
पोराला सांगितलं नाही.

मॅडमनी वह्या वाचल्या, पाचही.
बाहेर टोकनची घंटी वाजत होती.
त्या वर्षावर थांबल्या,
ओठ हलवत पेन्सिलीने बेरीज केली.
लूप लाइन म्हणजे?
म्हटलं, मागची गाडी पुढे जाऊ देतात,
आपण बाजूला उभं राहायचं.
हं, म्हणाल्या,
आणि वह्या झेरॉक्सला पाठवल्या.

फाइल जळगावला गेलीय. अजून उत्तर नाही.
या पहिल्या तारखेला, मॅडमच्या सांगण्यावरून,
भाडं मोबाइलने पाठवलं.
भिंतीपलीकडे काकांचा फोन बोलला.
जरा वेळाने दारावर टकटक,
हातात सहावी वही:
किती वाजता सोडली होतीस?
माझ्याकडे दोन मिनिटं लेट आली.