धोक्याचा रकाना

तहसीन, तुझा तक्ता मिळाला.
टँकर भरायला लावून
स्टिअरिंगला मोबाईल टेकवून दोनदा वाचला.
तारीख, मुक्काम, बस, खर्च, धोका.
पाच रकाने, अकरा दिवस, पाठीवर एक पिशवी.

मस्कतच्या ओळीत धोका: टॅक्सीवाला जास्त मागेल.
निझवाच्या ओळीत: ऊन.
वाळवंटाच्या ओळीत: रस्ता चुकणे, पाणी संपणे,
मुलगी एकटी आहे हे कळणे.
सूरच्या ओळीत तू लिहिलंस:
काही नाही. अब्बा आहेत.

तेवढ्यात टाकी भरून वाहायला लागली.
इथं सांडलेलं पाणी बघायला माणसं थांबतात.

मग मी जाणत्या माणसासारखा तपासायला बसलो.
एप्रिल खोड, फेब्रुवारी लिही.
पाणी दिवसाला तीन लिटर धरलंयस, पाच धर,
आणि तहानेची वाट बघू नकोस,
ती नेहमी उशिरा सांगते.
वादीत उतरण्याआधी डोंगराकडे बघ.
पाऊस तिकडे पडतो, लोंढा इकडे येतो,
तुझ्या डोक्यावर तेव्हा स्वच्छ ऊन असतं.
रेंज जाते, म्हणून फाट्यावरच्या मल्याळी चहावाल्याला
नाव सांगून आत जा.
अंधार पडला आणि तू आली नाहीस
तर नकाशा गप्प बसेल, तो बोंब मारेल.

पासपोर्टच्या प्रती तीन:
एक पिशवीत, एक अम्मीकडे, एक मोबाईलमध्ये.
खरा, कमरेच्या पट्ट्यात.

त्या ‘खरा’पाशी थांबलो गं.
माझा खरा नऊ वर्षं अरबाबच्या खणात होता,
अत्तराच्या रिकाम्या बाटल्या
आणि आणखी चौदा जणांच्या खाली.
तुझी दादी गेली तेव्हा मागायला गेलो.
माणूस वाईट नव्हता.
किल्ली शोधली त्याने, नमाजानंतर सापडली.
विमान तोवर गेलं होतं.

तयारी मीही केली होती निघताना.
श्रीवर्धनच्या स्टँडवर मामूंनी बजावलं,
लोणच्याची बरणी प्लास्टिकमध्ये बांध, गळेल.
सुरक्षित प्रवासाचं तेवढंच ज्ञान होतं आमच्या घरात.
लोणचं गळलं नाही.

तेव्हा पट्टा चांगला घे, घाम आत न जाणारा.
झोपतानाही सोडू नकोस.
हॉटेलवाला असो की कुणी साहेब,
ठेवायला दे म्हणाला तर दाखव, देऊ नकोस.
दाखवणं आणि देणं,
ह्या दोहोंच्या मध्ये माझी नऊ वर्षं बसतात.

तू विचारलंयस, वादी शाब कशी आहे?
फाट्यावरून हजारदा गेलोय, पाणी घेऊन.
आत हिरवं पाणी आहे, पोहत जावं लागतं,
शेवटी खडकाच्या फटीतून डोकं आत घातलं
की धबधबा दिसतो, असं ऐकून आहे.
ह्या गावाचं नाव सूर.
बावीस वर्षं झाली, मला अजून लागायचाय.
इथं बंदरात लाकडी गलबतं बांधतात,
त्यांचं साग आपल्या किनाऱ्याकडून यायचं म्हणे.
ते लाकूडसुद्धा इथं येऊन कुठं कुठं फिरलं असेल,
मी खोली, टँकर, खोली.

काल रात्री तुझ्या तक्त्यात बोट घातलं.
चुकून काही पुसलं जाईल म्हणून भीत भीत
एक ओळ वाढवली.
शुक्रवार. वादी शाब. माणसं दोन.
खोडली.
बूट कुठले घालू, सुपरवायझरला काय सांगू,
ह्या वयात लोक काय म्हणतील.
पुन्हा लिहिली.

सकाळी उठून पाहिलं
तर तू माझ्या ओळीत धोका भरलेला:
अब्बांना पोहता येतं का?

अगं, खाडीत शिकलोय.
भरतीच्या वेळी, शाळा बुडवून.
तिथं लिही: येतं.
आणि तरीही
फुगवायचं ते जॅकेट, असतं ना, दोन आण.