गोळी चुरू नये

आमच्या इमारतीला चार मजले.
तळाला रसायनशास्त्र, आधी वास येतो, मग मास्तर.
पहिल्यावर वनस्पती: अडुळसा, सोनामुखी,
बरण्यांवर कधीच निवृत्त झालेल्या माणसांची अक्षरं.
दुसऱ्यावर गोळ्या पाडायचं यंत्र, आणि मी.
तिसऱ्यावर शरीर.
मुलं चार वर्षं हा जिना चढतात, उतरतात.
जिन्याचा पेपर कुठल्याच सत्रात नसतो.

हे मी बैठकीत म्हणालो नाही.
आत्ता सुचतंय.

बैठकीत म्हणालो, माझे अठ्ठेचाळीस तास आहेत,
त्यातला एकही सुटणार नाही.
पारिखसाहेबांनी त्यांचे मोजले, बोटांवर.
टिपणीसबाईंनी जुनं परिपत्रक काढलं पिशवीतून.
एक आजार घ्यायचा, सगळ्यांनी मिळून शिकवायचा,
कागदावर छान दिसत होतं ते.
पण बडोद्यात काय आणि कोकणात काय,
वाटणीला बसवलं
की प्राध्यापकसुद्धा बांध कोरायला लागतो.
सेव-उसळ आली, पाव कमी पडले,
पुढची तारीख पडली.

त्याच आठवड्यात जमनाबेन पडल्या.
वाडीतल्या. वय त्र्याहत्तर.
सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून गोळी नेली होती,
रक्तदाबाची, दिवसभर हळूहळू विरघळणारी.
खिडकीत आमची शाल्मली, शेवटच्या वर्षाची.
"रोज एक, सकाळी," तिनं सांगितलं,
गुजरातीत, हसून, दोनदा.
गोळी मोठी. घशाखाली उतरेना.
नातवानं खलबत्त्यात कुटली, गुळात कालवली,
प्रेमानंच केलं त्यानं.
दिवसभराचं औषध एका घासात.
उंबऱ्यापाशी अंधारी आली, मनगट मोडलं.
वाचल्या.

शाल्मली माझ्या खोलीत आली. रडली नाही.
"सर, गोळीच्या त्या आवरणावर मला दहापैकी नऊ होते.
तुमच्याच पेपरात."
मग थोडं थांबून,
"रक्तदाब एकदम कोसळला तर काय होतं, तेही लिहिलं होतं.
पण तो पेपर सोमवारी होता."

सोमवारी.
माझा बुधवारी.

मी काय बोलणार?
टेबलावर चिनीमातीचा पांढरा खल,
पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात देतो तोच.
मनगट सैल ठेवा, गोल फिरवा,
बाजूला चिकटलेलं खरवडून मध्ये आणा.
काय कुटू नये, ते सहाव्या सत्रात.

पुढच्या महिन्यात जमनाबेनना वर्गात बोलावलं.
माझी कल्पना नाही, शाल्मलीची.
हात गळ्यात बांधलेला, आल्या रिक्षानं.
जिना चढवेना त्यांना,
मग तळालाच बसलो सगळे, त्या वासात.
पारिखसाहेब तिसऱ्यावरून उतरले,
टिपणीसबाई सोनामुखीची बरणी काखेत घेऊन
(कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नाही).
मुलांनी प्रश्न लिहून आणले होते, ओळीनं.
त्याआधी बाईंनीच विचारलं:
"आ गोळी पेटमां जाय,
पछी एने रस्तो कोण बतावे?"

मुलं हसली.
आम्ही चौघं हसलो नाही.
पोटात गेलेल्या गोळीला वाट कोण दाखवतं,
याचं एक-एक वळण प्रत्येकाला पाठ होतं.
टिपणीसबाईंनी खडू उचलला, थोडं लिहिलं,
पारिखसाहेबांनी हात पुढे केला,
मग तो माझ्याकडे आला, आखूड होऊन.
फळ्यावर तीन अक्षरं झाली, चौथं तळमजल्याचं,
एकमेकांत घुसलेली, वाचायला अवघड.
मागच्या बाकावर नातू मान खाली घालून बसला होता.
शाल्मली उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

बैठका चालूच आहेत.
हा तास कुणाच्या नावावर मांडायचा, ते ठरलेलं नाही.
हजेरीपत्रकात तो रकाना
अजून कोराच आहे.