हितं

आप्पा, तो तारा जवळचाच, पण बारका.
भट्टीतला रस निवताना लालसर दिसतो,
तेवढाच त्याचा उजेड.
भोवती तीन दगडी ग्रह,
एकाचं वर्ष सात दिवसांचं.

'म्हंजे दर सोमवारी पाडवा!'
उद्यमनगरची सुट्टी आठवून ते हसतात.

मी विद्यापीठातला आलेख दाखवते,
उजेडाला पडलेला खड्डा.
ते बोट फिरवतात,
कास्टिंगमधलं भोक चाचपावं तसं.

त्या ग्रहाचं एकच तोंड ताऱ्याकडं, कायम.
मागं नुसती रात्र.

आप्पा गप्प.
एकतीस वर्षं भट्टी उजव्या अंगाला;
त्या गालावर दाढी नीट येत नाही.

'मग माणसानं ऱ्हायचं कुठं?'
मधल्या पट्ट्यात, म्हणते मी,
जिथं सदाची तिन्हीसांज,
पाणी असेल तर.

ते हनुवटीवर बोट टेकवतात:
'हितं?'