लाल खडा

लातूरच्या डाळमिलमध्ये, मागच्या शेडात
आम्ही नऊजणी तूर निवडतो.
चाळणीतून सुटलेलं सगळं
शेवटी बोटांकडं येतं.

परवा कट्टा फोडला, त्याच्यावरची अक्षरं वेगळी.
मुकादम म्हणाला, आफ्रिकेचा माल हाय,
मलावी का कायसं.
तोंडाची शिवण उसवताना गाठ दिसली:
दोन वेढे, मग दोरा आतून काढून आवळलेला.
मी अशीच मारते.
बाईच्याच हातची असंल.
नसंलही. गाठीवर कुठं नाव असतं?

दाणा आमच्यासारखाच लाल, जरा बारीक.
त्यात एक खडा निघाला मातीचा, विटकरी.
कुणी बघत नाही असं बघून जिभेला लावला.
आमची काळी टाळूला चिकटते,
ही विरघळली,
गंजल्या पत्र्याची चव मागं ठेवून.

बाई गं,
औशाच्या पुढं माझं दीड एकर.
सोयाबीनच्या चार ओळींमागं एक तुरीची.
औंदा सहा कट्टे झाली.
मोंढ्यात ओतली तर आडत्या म्हणाला,
"मावशे, बाहेरचा माल उतरलाय. भाव बसला."
बाहेरचा माल म्हणजे तू.
घरी येईस्तोवर तुझ्या नावानं बोटं मोडली मी,
नाव माहीत नसताना.

आता ही गाठ हातात धरून वाटतंय,
तुलाही कुणी दारात उभं राहून सांगितलं असंल,
"भारतात तूर लई पिकलीय. भाव बसला."
तो भारत म्हणजे मी!
मी, कोंडाबाई, सहा कट्ट्यांची.
मला एवढं हसू आलं
की शेजारची म्हणाली, येडी झालीस का.

तुला द्यायला माझ्याकडं काय नाही.
एक सांगते फक्त.
आम्ही चौदाजणींनी पैसे घालून काटा घेतला,
समाजमंदिरात ठेवलाय, किल्ली पाळीपाळीनं.
माल आधी घरी मोजतो, मग गाडीत चढवतो.
पहिल्याच खेपेला कट्ट्यामागं दीड किलो
कुठं जात होतं ते कळलं.
भाव आपल्या हातात नाही, बाई.
वजन तरी असावं.

संध्याकाळी किल्ली माझ्याकडं होती.
पदराच्या गाठीतून खडा काढला,
काट्यावर ठेवला.
शून्याचं शून्यच राहिलं.
पुसायला गेले तर
बोटाला लाल लागलं.