भ गण

कीथली. पाटीवरचं स्पेलिंग वाचून मी 'केघली' म्हणाले
तेव्हा बसचा ड्रायव्हर दया आल्यासारखा हसला होता.
त्याला आता अकरा वर्षं झाली.
आज शेजारचे सिरिल बॅराक्लफ
नातीच्या जुन्या बाबागाडीत कॉम्प्युटर बसवून
माझ्या दारात. भुरभुर होती म्हणून
वर पावाची प्लॅस्टिकची पिशवी.
"पंखा फिरतो, दिवा लागतो," म्हणाले,
"पण तोंड दाखवत नाही."

टेबलावर मेथी निवडत होते, ती सरकवली.
झाकण काढलं.
आत करडी धूळ, बोटभर,
आणि कबुतराचं एक पीस.

त्यांची कबुतरं शर्यतीची.
सगळं ह्यात आहे, म्हणाले:
पायातल्या कड्यांचे नंबर, कुणाची आई कोण,
फ्रान्सात टोपलीतून सोडल्याची वेळ,
खुराड्यावर उतरल्याची वेळ,
वारा त्या दिवशी कुठून होता.
न पोचलेल्यांची यादी वेगळी.
"कागदावर नाही?"
"होतं. मॉरीननं घर आवरलं."

बटण दाबलं.
पंखा घरघरला. हिरवा दिवा.
मॉनिटर काळा, त्यात माझाच चष्मा.
आणि मग पोटातून कुठून तरी
टूऽऽ. टू. टू.

"हेच," सिरिल म्हणाले, "रोज हेच."

एक लांब, दोन आखूड.
इचलकरंजीला नववीत पोंक्षेबाई
टेबलावर पट्टी आपटत विचारायच्या:
गुरू, लघू, लघू, सांगा कुठला गण?
न नमन, र राधिका, ज जनास,
भ भास्कर!
मिट्ट काळ्या पडद्यामागे बसून हे खोकं
सूर्याचं नाव घेत होतं.

हे त्यांना सांगायला माझं इंग्रजी पुरेना.
म्हटलं, "चित्राचं कार्ड रुसलंय बहुतेक."

वायर काढली. रेडिएटरला हात लावला,
अंगातली वीज उतरावी म्हणून.
आधी मेमरीची पट्टी: लेकीच्या कंपासमधलं
स्ट्रॉबेरीच्या वासाचं खोडरबर घेऊन
सोनेरी दात एकेक घासले.
पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये असंच घासायचो.
तो डिप्लोमा बॅगेत आहे, इथे न लागणाऱ्या
सुती साड्यांच्या खाली.
मी सुपरमार्केटात पाव रचते, पहाटे पाचपासून.
पण बोटांना कुणी हे कळवलं नसावं,
ती खटका शोधत सरळ आत गेली.

कार्ड काढलं, पुसलं, परत दाबलं.
टूऽऽ. टू. टू.
पुन्हा काढलं. फुंकर. पुन्हा.
टूऽऽ. टू. टू.
चहा झाला. सिरिलनी मेथीची एक काडी उचलून
वास घेतला आणि काही न बोलता निवडायला बसले,
पानं टाकून देत, देठं जपून ठेवत.

मग मी ते कार्ड काढलंच. ठेवलं बाजूला.
मॉनिटरची केबल मागे खालच्या,
मूळच्या भोकात खोचली, जे इतकी वर्षं
रबरी टोपी घालून बसलं होतं.

टू.

एकच. आखूड.
आणि पांढरी अक्षरं, डावीकडून, तिरीमिरीनं आल्यासारखी.
आतला सेल मेलेला. त्याच्या लेखी आज
एक जानेवारी, दोन हजार तीन.
खरी तारीख भरा, म्हणत होतं.
मी की-बोर्डवर बोट ठेवलं तर सिरिल म्हणाले,
"थांब, लव्ह. आधी ते बघू दे."

उघडली ती न पोचलेल्यांचीच यादी.
तर्जनी काचेवर टेकवून खाली खाली गेले,
एका नंबरावर थांबले,
"ही आली होती नंतर," म्हणाले. "चालत.
लिहायचं राहिलं."

बाबागाडी गेली. देठांची भाजी होत नाही,
तरी मी केली.

आमच्या दोघांत एकच भिंत.
आता रोज सकाळी साताला पलीकडून येतो
तो एक लघू.
एकट्या लघूचा गण होत नाही, बाई.
पण मी पुढच्या दोहोंची वाट बघत
गॅसपाशी थोडी थांबते,
आणि ते आले नाहीत की
दूध उतरवते.