पहिला घास

दफनभूमीतून परतलो तेव्हा बुटांना ओली वाळू होती.
आरशावर कुणीतरी चादर टाकली होती.
मी सरळ स्वयंपाकघरात गेलो,
पातेल्यात पाणी घेतलं, दोन अंडी सोडली.
चाळीस वर्षं रीगाच्या ट्रामचे ब्रेक दुरुस्त केले या हातांनी,
साधा पाना कुणाकडून उसना घेतला नाही.
अंडं उकडता येतं मला.

समोरच्या दारातून ब्रोन्या आली.
जिन्यातल्या दिव्याच्या बिलावरून
नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं.
तिनं न विचारता गॅस बंद केला.
"आज नाही, ग्रिशा.
आज पहिला घास आपल्या घरचा चालत नाही.
शेजाऱ्याचाच खायचा. असं आहे आपल्यात."

आपल्यात!
माझ्या बापानं ते 'आपलं' पेटीत भरून माळ्यावर टाकलं,
पुढे पेटीही जाळली.
काळच तसा होता, त्याला बोल लावत नाही.

बुटक्या स्टुलावर बसलो.
फाडलेल्या कॉलरचा धागा हनुवटीला लागत होता.
ताटलीत मसूर, आणि सोललेलं अंडं.
"मसुराला तोंड नसतं," ती म्हणाली, "आज तुलाही नाही."
खाल्लं.
अळणी होतं. मीठ मागता आलं नाही.

संध्याकाळी प्रार्थनेला दहा जण हवे होते.
माणसं मोजू नयेत म्हणून
म्हातारा झुंडेल बोट नाचवत म्हणत होता,
"एक नाही, दोन नाही, तीन नाही..."
आणि नऊ नाहीवर अडला.
मग ब्रोन्याचा नातू आला, हेशेल,
तेरा वर्षं आणि चार दिवसांचा.
मागच्या आठवड्यात रिवा गेली असती
तर हा पोरगा धरलाच नसता.

पुस्तक हातात दिलं तर मी डावीकडून सुरू केलं.
"इकडून, आजोबा," त्यानं माझं बोट धरून उजवीकडे नेलं.
अक्षरं मला जुन्या यंत्राच्या सुट्या भागांसारखी,
कुठला कशात बसतो कळेना.
तो एक शब्द पुढे, मी एक शब्द मागे.
"यात रिवा कुठे आहे?" मी मध्येच विचारलं.
"नाही. मरणाचा शब्दच नाही यात."
"मग?"
"तुम्ही थांबायचं. आम्ही आमेन म्हणतो. मग पुढे जायचं.
एकट्यानं म्हणताच येत नाही हे."

आणि थांबलो की खरंच
नऊ तोंडं मला सावरून घ्यायची.

रिवा सगळ्यांकडून सगळं घ्यायची,
छत्र्या, सल्ले, बीटाच्या सुपाची कृती,
आणि परत करायला विसरायची. मी चिडायचो.
तिच्या फडताळात बावीस बरण्या निघाल्या,
एकही आमची नव्हती.

एकतिसाव्या दिवशी
त्यातली एक धुऊन, पुसून
समोरचं दार वाजवलं.
"ब्रोन्या, मीठ देतेस थोडं?"

घरात मीठ होतं.